सरकारी नोकरी न सोडता संग्रहालयाच्या कामाचा अनुभव कसा मिळवावा?

दप्तरी:
नोकरी सरकारी, पूर्णवेळ. बाहेर पगारी काम चालत नाही, बिनपगारी कामालाही आगाऊ लेखी परवानगी लागते. पुढे संग्रहालयात जायचं आहे, तेही वस्तूंची नोंदणी आणि देखभाल या बाजूला. पदविका दूरस्थ शिक्षणाने होईल, पण जाहिरातींत 'वस्तू हाताळण्याचा अनुभव' मागतात. मोकळे दिवस शनिवार-रविवार, आणि संग्रहालयांचं कार्यालय नेमकं तेव्हाच बंद. दाखवण्याजोगा अनुभव कसा जमवावा?

नोंदवही:
आधी परवानगीचं बघा. 'संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छितो' असा मोघम अर्ज हमखास अडकतो, कारण सही करणाऱ्याला हितसंबंध, वेळ आणि कार्यालयाचं नाव या तिन्हींची धास्ती असते. म्हणून अर्जातच लिहा: संस्था कोणती, काम नेमकं काय (उदा. 'वस्तूंची मोजमापं घेऊन नोंदी भरणे'), आठवड्याला किती तास, किती महिने, मोबदला नाही. प्रवासखर्च मिळणार असेल तर तोही लपवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: आपल्या विभागाचा त्या संस्थेशी अनुदान, परवाना, तपासणी किंवा खरेदी यांपैकी कशाचाही संबंध नाही. संबंध असेल तर ती संस्था सोडा, दुसरी शोधा.

'सल्लागार', 'मानद क्युरेटर' अशी बिरुदं घेऊ नका; 'नोंदणी साहाय्य' पुरे. उत्तर लेखी घ्या. काम बदललं, समजा त्यांच्या वार्तापत्रात लिहायला सांगितलं, तर परवानगीही नवी.

जाता जाता: जुनी नाणी वगैरे विकण्याचा जोडधंदा असेल तर आत्ताच थांबवा. आयकॉमची (संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद) आचारसंहिता संग्रहालयात काम करणाऱ्यांना वारसावस्तूंच्या खरेदी-विक्रीत पडू नका असं सांगते. म्हणजे आत्ताची नोकरी आणि पुढची, दोन्हीकडून अडचण.

पॅरालॉइड:
परवानगी येईपर्यंत घरीच सुरुवात करा. रजिस्ट्रारच्या, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदी सांभाळणाऱ्याच्या, कामाचा मोठा भाग नोंदीचा असतो आणि नोंद कुठल्याही वस्तूची करता येते. घरातल्या पन्नास वस्तू घ्या: कागद, कापड, धातू, लाकूड, काच, सगळं थोडं थोडं.

दाखल क्रमांक, म्हणजे वस्तू संग्रहात घेताना तिला दिलेला क्रमांक, तीन भागांत: वर्ष, गट, वस्तू. २०२५.३.१२ म्हणजे त्या वर्षी आलेल्या तिसऱ्या गटातली बारावी वस्तू. वर्णनासाठी 'ऑब्जेक्ट आयडी' वापरा. १९९७ मध्ये आलेलं हे मानक चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून बनलं, त्यामुळे प्रकार, साहित्य, मापं, खुणा, वैशिष्ट्यं असं नेमकं लिहायला भाग पाडतं. नवशिके चुकतात ते इथे: खात्री नसताना 'सोन्याची' लिहितात, तिथे 'सोनेरी रंगाचा धातू' हवं. 'स्थिती चांगली' याला काही अर्थ नाही. 'वरच्या डाव्या कोपऱ्यात १४ मिमी चीर, आरपार नाही' याला आहे. मापांचा क्रम एकच ठेवा: उंची, रुंदी, खोली. फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवीच, शिवाय एक फोटो बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढा. समोरून न दिसणारे पोचे आणि पोपडे त्यात दिसतात.

क्रमांक घालायचा सराव फुटक्या कपबशीवर करा. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर पिगमेंट शाईने क्रमांक, वर संरक्षक थर. थर ओला असताना लिहिलं की शाई फुटते. प्लास्टिकवर हे करूच नका, ॲसिटोन बरंचसं प्लास्टिक विरघळवतं. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून दोन-चार सैल टाके. कागदाला मऊ पेन्सिल, आणि लिहिताना खाली कडक, सपाट आधार.

मग 'स्पेक्ट्रम' हे संग्रह सांभाळण्याचं ब्रिटिश मानक वाचा. त्यातल्या २१ कार्यपद्धतींपैकी ९ प्राथमिक आहेत, त्या आधी. त्यातही 'जागा आणि हालचाल' पक्की करा: वस्तू कपाटातून टेबलावर आली तरी नोंद झाली पाहिजे. मुलाखतीत यावर नीट बोललात तर समोरचा सरसावून बसतो.

लक्समीटर:
शनिवार-रविवारबद्दल. कार्यालय बंद असलं तरी दालनं बहुधा उघडी असतात. तिकीटखिडकीवर बसून वस्तूंचा अनुभव मिळत नाही. त्याऐवजी दार उघडण्याआधीचा तास मागा. कीटक-सापळे तपासणं, प्रकाश मोजणं, आर्द्रतेच्या नोंदी उतरवून घेणं: कामं कंटाळवाणी म्हणून छोट्या संग्रहालयांत ती नेहमी मागे पडतात.

सापळे भिंतीलगत आणि दाराजवळ ठेवतात. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा रिकामाच राहतो. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख टाका. प्रकाशासाठी मोबाइलवरचं ॲप नको, खरा मीटर वापरा. कापड, कागद, जलरंग यांना साधारण ५० लक्सची (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) मर्यादा धरतात, पण नुकसान साठत जातं हे ध्यानात ठेवा. ५० लक्सवर रोज ८ तास, ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. तेवढेच २०० लक्सवर ७५ दिवसांत भरतात. असा हिशेब एका दालनाचा मांडून दिलात तर तो तुमच्याच नावावर राहील. आर्द्रतेची नुसती सरासरी लिहू नका, चढ-उतार सरासरीत दडतात.

चिठोरी:
मला उलट वाटतं. बाहेर धावण्याआधी स्वतःच्या विभागाचं भांडार बघा. जुनी उपकरणं, नकाशे, फोटो, शिक्के बहुतेक खात्यांत धूळ खात पडलेले असतात. त्यांची सूची करण्याचा एक पानी प्रस्ताव द्या: आधी फक्त एक कपाट, वेळ तीन महिने, खर्च जवळपास शून्य. मंजूर झालं तर तोंडी हो पुरत नाही, कार्यालयीन आदेशात तुमच्या नावासह काम लिहून घ्या. पुढे अनुभव सिद्ध करणारा कागद तोच. बाहेरच्या कामाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही.

धोका एकच: त्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी विभागाच्या मालकीच्या, तुमच्या अर्जाला जोडता येणार नाहीत.

दप्तरी:
मग मुलाखतीत दाखवायचं काय? आणि पांढरे सुती हातमोजे घेऊन ठेवू का?

चिठोरी:
कोरा नोंदफॉर्म आणि तुम्ही लिहिलेली कार्यपद्धती दाखवा, तीही विभागाचं नाव न घेता आणि वरिष्ठांना विचारून. नमुन्याच्या भरलेल्या नोंदी पॅरालॉइड म्हणतात त्या घरच्या पन्नासांतल्या.

सुती मोजे नकोत. काच आणि चकाकी असलेली भांडी त्यातून निसटतात, कागदाच्या कडा अडकून फाटतात. धातू आणि फोटोंना पावडर नसलेले नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे, कागदाला धुऊन कोरडे केलेले हात. अंगठी-घड्याळ आधी काढा, आणि वस्तू उचलण्यापूर्वी ती ठेवायची जागा मोकळी करून घ्या.