शॉवरच्या टाइल्समधून गळती : फोडकाम करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न :
ठाण्यातील आमची इमारत पंचवीस वर्षांहून जुनी आहे. खालच्या मजल्यावरील काकूंच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली असून आता गिलाव्याचे पोपडे पडू लागले आहेत. गेल्या वर्षी एका कारागिराने आमच्या शॉवरखालील टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून दिले, तेव्हा दोन महिने ओल थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आता दुसरा कंत्राटदार संपूर्ण न्हाणीघर फोडावे लागेल असे सांगतो. घरात वृद्ध सासूबाई आहेत आणि दुसरे न्हाणीघर नाही. गळतीची नेमकी जागा आधी कशी ओळखावी?

प्रतिसाद १ :
टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांतील सिमेंट पाणी पूर्णपणे अडवत नाहीत. ते काम खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते, म्हणून केवळ सांधे भरून मिळालेला आराम टिकला नाही. प्रथम प्लंबरकडून शॉवर व नळांची तोंडे बंद करून भिंतीतील पाइपांना पंपाने दाब द्यावा; दाबमापकाचा काटा खाली आला तर दोष पाइपात आहे. काटा स्थिर राहिला, तर नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरील पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालील भागात) घट्ट बूच बसवून फरशीवर दोन बोटे पाणी चोवीस तास साठवावे आणि पातळीची खूण करावी. त्यानंतर फरशी न भिजवता नळीने थेट ट्रॅपमध्ये पाणी सोडावे, व शेवटी केवळ भिंतीवर शॉवर सोडून पाहावा. कोब्यात (टाइल्सखालील भरावात) मुरलेले पाणी नळ बंद केल्यानंतरही काही दिवस ठिबकत राहते. त्यामुळे दोन चाचण्यांत तीन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि काकूंच्या छतावरील ओलीची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहावी. ही आखणी फार महत्त्वाची आहे, कारण नुसत्या डोळ्यांना ओल वाढली की कमी झाली हे कळत नाही.

प्रतिसाद २ :
गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणीघरातील अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करावयाचा असतो. काकूंना चाचण्यांचे दिवस आधी सांगावेत, कारण छत त्यांचे भिजणार आहे.

प्रश्नकर्ती :
पाइपांचा दाब टिकला, फरशीवरील पाणीही उतरले नाही. मात्र ट्रॅपमध्ये थेट पाणी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी ओल पेन्सिलीच्या रेघेबाहेर गेली.

प्रतिसाद १ :
मग संपूर्ण न्हाणीघर फोडण्याचे कारण नाही. ट्रॅपभोवतीच्या टाइल्स काढून ट्रॅप व पाइपाचा सांधा तपासावा, तडा असल्यास ट्रॅप बदलावा, भोवती आकुंचन न पावणारा मसाला भरून वॉटरप्रूफिंगचे दोन थर जुन्या थरावर किमान वीतभर चढवून घ्यावेत. टाइल्स बसवण्यापूर्वी पुन्हा अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून पाहावे आणि मगच कारागिराचे उरलेले पैसे द्यावेत. तेवढे दिवस सासूबाईंच्या अंघोळीची सोय शेजारी होऊ शकली, तर काम घाईने उरकावे लागणार नाही.