सोलापूरला मेट्रो नको, मोहोळ–होटगी लोकल हवी

मोहोळकर
परवा पार्क चौकात मित्रांमध्ये पुन्हा विषय निघाला की सोलापूरला मेट्रो यायला पाहिजे. मी विरोधात बोललो. तिथे मुद्दा पुरा झाला नाही म्हणून इथे मांडतो. आहे त्याच रुळांवर मोहोळ ते होटगी, सोलापूरमार्गे, लोकल सुरू करा, सकाळ-संध्याकाळ दर अर्ध्या तासाला. मेट्रोपेक्षा तिची गरज जास्त आहे, आणि रेल्वेचा इतिहासही तेच सांगतो.

भुयारी रेल्वे म्हटलं की सगळे लंडनचं उदाहरण देतात. १० जानेवारी १८६३, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, वाफेची इंजिनं, डब्यांत गॅसचे दिवे, पहिल्या दिवशी सुमारे ३८,००० प्रवासी. पण या मार्गासाठी ज्याने वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या त्या चार्ल्स पिअर्सनला बोगद्याचं कौतुक नव्हतं. कामगारांनी कोंदट वस्त्यांतून बाहेर पडून मोकळ्या हवेत राहावं आणि स्वस्त तिकिटावर रोज कामाला यावं, असा त्या वकिलाचा ध्यास होता. मार्ग सुरू व्हायच्या चार महिने आधी तो वारला. १८६४ मध्ये त्याच मार्गावर पहाटेच्या कामगार गाड्या सुटू लागल्या, तीन पेन्समध्ये जाऊन-येऊन. माझ्या लेखी खरा टप्पा हा. १८६३ ला भुयार झालं, पण कामगाराला गाडी मिळाली ती १८६४ ला.

आता आपलं बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १४ डबे, ४०० माणसं, ३४ किलोमीटर. मोहोळ ते सोलापूर अंतर साधारण तेवढंच. १८६० साली आधी मोहोळला आणि मग सोलापूरला रेल्वे पोचली, म्हणजे लंडनच्या भुयाराच्या तीन वर्षं आधी. आणि आज मी नवी पेठेतल्या दुकानावर कामाला येतो ते मोटारसायकलवर, हायवेने, ट्रकच्या बाजूबाजूने. दुकान उघडायच्या वेळेला जुळेल अशी गाडी मला मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात गावातला एक पोरगा याच रस्त्यावर गेला. म्हणून लिहितोय.

जुळे सोलापूर
मोहोळकर, तुमच्या गावचं दुःख समजतं. पण लंडनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो मार्ग कशासाठी झाला? पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस ही मोठी स्टेशनं शहराच्या कडेला होती. तिथे उतरल्यावर पुढे घोडागाडी, आणि रस्ते तुंबलेले. स्टेशनापासून शहराच्या पोटात जायला काही नव्हतं म्हणून जमिनीखाली जावं लागलं. तुमची लोकल मला सोलापूर स्टेशनवर सोडेल. पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कसं जायचं? रिक्षानेच ना? मी रोज सात रस्त्याला अडकतो. त्यावर तुमच्या लोकलकडे उत्तर नाही.

मोहोळकर
स्टेशनपासून सिटी बस. तिकीट एकच असावं.

जुळे सोलापूर
सिटी बसची अवस्था बघूनच मी मेट्रो म्हणतोय. बस आज आहे, उद्या नाही. रूळ टाकले की कुणाला उचलून नेता येत नाहीत.

आणि "आपलं शहर लहान आहे" असं काही जण म्हणतात, ते कारण तर मुळीच पटत नाही. १८९६ मध्ये बुडापेस्टने युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे काढली, जेमतेम पावणेचार किलोमीटर. तेव्हाचं बुडापेस्ट आजच्या सोलापूरपेक्षा लहान होतं. आपण २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाख होतो. १८९६ मध्येच ग्लासगोनेही साडेदहा किलोमीटरचं वर्तुळ केलं, तेही दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांवर. विजेची वाट बघत बसले नाहीत. छोट्या शहरांनी धाडस केलं म्हणून ती शहरं आज या इतिहासात आहेत.

लोको शेड
हयात विजेच्या कामात गेली, म्हणून एका गोष्टीवर बोलतो. या वादात दोघांनीही सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वगळलाय. लंडनमध्येच १८९० ला खोल नळीतून विजेची रेल्वे सुरू झाली आणि धूर संपला, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तिथेही पुढे इंजिन होतंच. शेवटच्या स्टेशनवर ते सोडा, दुसऱ्या टोकाला दुसरं जोडा, तोवर फलाट अडकलेला. १८९७ मध्ये शिकागोत फ्रँक स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरने हे सोडवलं. डब्यांखालीच मोटारी बसवल्या आणि सगळ्यांचा ताबा एका केबिनमध्ये दिला. ड्रायव्हर या टोकाचा उठून त्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. डबे वाढवले की ताकदही वाढते. जगातली जवळजवळ प्रत्येक मेट्रो आज याच तत्त्वावर पळते, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी–कुर्ला धावली ती लोकलसुद्धा.

मोहोळकरांची गाडी याच जातीची, तिला आपल्याकडे मेमू म्हणतात. दुहेरी मार्ग झालाय, वरून तारही आहे. होटगीला इंजिन फिरवायची भानगड नाही. भुयार खणायचं तर खाली काळा पाषाण आहे. लंडनला चिकणमाती मिळाली होती. मुंबईत पाषाणातूनही भुयारी मेट्रो झाली, पण मुंबईचा पैसा आणि मुंबईची गर्दी इथे कुठून आणायची? माझं मत लोकलला.

कुर्डुवाडी जंक्शन
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण स्वस्तातली रेल्वे काय देते आणि काय मागून घेते हे आमच्या गावाने शंभर वर्षं बघितलंय. बार्शी लाईट, आमची अरुंद रुळांची रेल्वे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर कुर्डुवाडी–बार्शी गाडी चालवली. हलके रूळ, कमी खर्च. १९०६ ला ती पंढरपूरला गेली, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. माझी आजी वारीला त्याच गाडीने जायची, डब्यात उभं राहायला जागा नसायची आणि तरी ती त्या गाडीला "माझी गाडी" म्हणायची. मोठ्या लाईनची वाट बघितली असती तर बार्शीला कापसाच्या गाठी बैलगाडीतच राहिल्या असत्या.

पण मोठ्या लाईनच्या रुळांची रुंदी वेगळी, म्हणून कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात टाकावं लागायचं. हमालांच्या पिढ्या त्यात गेल्या. आणि शेवटी सगळा मार्ग ब्रॉडगेज करावाच लागला. म्हणून जुळे सोलापूर यांचं एक बरोबर आहे. आज स्वस्त म्हणून केलेलं उद्या दुसऱ्यांदा करावं लागतं. तरीही मी लोकलच्या बाजूने, कारण इथे रूळ आधीच ब्रॉडगेज आहेत.

रोजची प्रवासी
तुम्ही सगळे यंत्रांवर बोलताय. मी शाळेत शिकवते, माढ्याहून येते. पॅसेंजर गाडी कशी चालते ते मला विचारा. मागून एक्सप्रेस आली की आम्ही बाजूच्या लाईनवर उभे. वीस मिनिटं, कधी चाळीस. उन्हाळ्यात डब्याचा पत्रा तापतो, लहान लेकरं रडतात. लोकल सुरू केली आणि तिलाही असंच थांबवलं तर काय उपयोग?

इतिहासच काढायचा तर १८४४ चा ब्रिटनचा कायदा काढा. कंपन्या गरिबांना उघड्या डब्यांतून नेत होत्या. सरकारने सांगितलं, रोज दोन्ही दिशांना किमान एक गाडी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, मैलाला एक पेनीच्या वर भाडं नाही, डब्याला छप्पर आणि बसायला बाक, आणि वेग ताशी १२ मैलांच्या खाली नाही. थांबे धरून! माझ्या मते प्रवासी रेल्वेच्या इतिहासात यापेक्षा मोठा टप्पा नाही. मला मेट्रो द्या नाहीतर लोकल द्या, पण ती वेळेवर पोचवायचं बंधन लेखी हवं.

जुळे सोलापूर
ताई, हा मुद्दा मान्य. पण हेच तर मेट्रोचं बळ आहे. तिच्या रुळांवर दुसरी गाडीच येत नाही, मग बाजूला कोण काढणार?

मोहोळकर
मान्य, ते बळ मोठं आहे. पण ते मिळेपर्यंत किती वर्षं? कोलकात्याचा पहिला तुकडा २४ ऑक्टोबर १९८४ ला चालू झाला, भूमिपूजन १९७२ चं. तेवढ्यात ताईंची नोकरी संपेल. आणि आपल्याकडे रेल्वे आली तीसुद्धा अर्धीमुर्धीच. १८६० ला सोलापुरात गाडीत बसलेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखीने नाहीतर बैलगाडीने बोरघाट उतरून खोपोलीला यायचा आणि तिथून पुन्हा गाडी धरायचा. घाटातली लाईन १८६३ ला पुरी झाली. ती बांधताना किती मजुरांचे जीव गेले, त्यांची नावंही कुठे नाहीत. तरी घाट होईपर्यंत सोलापूरची गाडी थांबवून ठेवली नव्हती.

पाकणीला उतरला तर चिंचोळी एमआयडीसी जवळ. बाळ्याला उतरला तर पुणे रोड. टिकेकरवाडी, होटगी त्याच लाईनवर. ही स्टेशनं आज बांधून उभी आहेत.

जुळे सोलापूर
बाळे आणि टिकेकरवाडीच्या दारातून जुळे सोलापूरला आणि अक्कलकोट रोडला बस सुटणार असेल, दर वीस मिनिटांनी, तर लोकलसाठी निवेदन काढा, त्यावर मी सही करतो. मेट्रोची मागणी मात्र सोडत नाही. मसुदा इथेच टाका, वाचून सांगतो.

रोजची प्रवासी
त्यात एक ओळ माझी घाला: सकाळी साडेनऊच्या आत सोलापूर, संध्याकाळी सहानंतर परत. माढ्यापर्यंत.