डोक्यात कोंडा झालाय, डॉक्टरना लिहून काय पाठवू?

गुहागरची सून: पाऊस लागला की माझं डोकं नुसतं खाजतं, केस दिवसभर वाळत नाहीत आणि तसेच आंबाड्यात बांधून कामाला लागायचं. सासूबाई म्हणतात डोकं कोरडं पडलंय, खोबरेल थाप. थापते, तर खाज उलट वाढतेच. आता चिपळूणच्या स्किनच्या डॉक्टरनी सांगितलंय, येण्याआधी काय होतंय ते नीट लिहून पाठवा, फोटोसकट. "कोंडा झालाय, खूप खाजतं" एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना.

आगरवाला: ताई, एवढ्यावरून त्यांना काय कळणार! फणीने काळ्या कपड्यावर झाडून बघा, पांढरा कोरडा भुगा पडतो की पिवळट चिकट खपल्या. कानामागे, भुवयांत, नाकाच्या कडेला पण आहे का? असेल तर लिहाच. जाड रुपेरी थर असून तो केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आला असेल तर सोरायसिस असू शकतो. गोल चट्टा आणि तिथले केस मुळाशी तुटलेले, हे गजकर्णात होतं, लहान पोरांत जास्त, त्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात.

माडाखाली: खोबरेलाला उगाच नावं ठेवू नका. आमच्याकडे माका नि जास्वंद घालून कढवलेलं तेल लावतात, आजीचे केस अजून कमरेपर्यंत आहेत!!

देवगड मेडिकल: काका, केसांना खोबरेल चांगलंच, धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. पण हिचं दुखणं केसांचं नाही, कातडीचं आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, ती तेलकटपणावर जगते, त्यात आपली ही दमट हवा. म्हणून तेल लावायचंच तर केसांच्या टोकांना. डॉक्टर बहुतेक कीटोकोनाझोल 2 टक्केवाला शाम्पू देतील, तो आठवड्यातून दोनदा, फेस करून 3 ते 5 मिनिटं ठेवायचा. लोक लावतात काय, लगेच धुतात काय, आणि मग दुकानात येऊन माझ्याशी भांडतात. फोटोच्या आधी डोकं धुऊ नका, तेलही नको, नाहीतर दिसणार काय? आणि आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं लिहा, घरचं कढवलेलं सुद्धा.

गुहागरची सून: झाडून बघितलं, पिवळट चिकट. असं लिहिलंय: "टाळूवर आणि कानामागे पिवळट चिकट खपल्या, खाली कातडी लालसर, पावसात वाढतं, खोबरेल लावल्यावर खाज जास्त, केस तुटत नाहीत, चट्टा नाही." चालेल ना?

आगरवाला: एक नंबर. भुवयांचं राहिलं बघा.