मदत हवी आहे: एक्सएफसीईवर हाताने केलेल्या फोल्डर-शॉर्टकटांपैकी एक उघडत नाही

नमस्कार.

दापोली तालुक्यात हर्णै बंदरालगतच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयातील संगणकाचे काम मी पाहतो. संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई ४.१८ हे डेस्कटॉप आहे. सभासदांची सगळी कागदपत्रे यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ‘नौका परवाने’, ‘डिझेल परतावा’, ‘खलाशी ओळखपत्रे’ आणि ‘किनाऱ्यावरील नौका’ अशा फोल्डरांत ठेवलेली आहेत. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि नेमके तेव्हाच मालक व तांडेल (होडीवरचे प्रमुख) परवान्यांची आणि परताव्याची कामे घेऊन कार्यालयात येतात. माणूस समोर उभा असताना आमच्या सचिवांना आणि लिपिक ताईंना फोल्डरच्या आत फोल्डर उघडत जावे लागते. त्यांचा हा वेळ वाचावा, म्हणून प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट पडद्यावरच असावा, त्याखाली मराठी नाव असावे आणि चित्र पाहताच तो ओळखता यावा, अशी माझी इच्छा आहे.

थुनार या फाइल व्यवस्थापकामध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘सेंड टू’ मधून डेस्कटॉपवर दुवा पाठवण्याची सोय मला माहीत आहे आणि ती चालतेही. परंतु त्यातून येणारे सगळे दुवे एकसारखे दिसतात. म्हणून मी माउसपॅड या मजकूर-संपादकात प्रत्येक फोल्डरसाठी एक डेस्कटॉप फाइल हाताने लिहिली. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात डेस्कटॉप एंट्री, मग टाइपपुढे ॲप्लिकेशन, नेमपुढे मराठी नाव, आयकॉनपुढे चित्राचा पत्ता, आणि एक्झेकपुढे थुनार व दुहेरी अवतरणचिन्हांत फोल्डरचा पूर्ण पत्ता, अशी तिची रचना आहे.

तीन शॉर्टकट व्यवस्थित उघडतात. ‘किनाऱ्यावरील नौका’ मात्र उघडत नाही. असे फोल्डर अस्तित्वातच नाही, असा संदेश येतो. पत्ता अक्षरागणिक ताडून पाहिला, तरी मला काहीही फरक दिसत नाही. दुसरे असे, की फाइलीत काहीही बदल केला की हा लाँचर विश्वासार्ह नाही असा इशारा पुन्हा येतो आणि लिपिक ताई घाबरून तो रद्द करतात. तिसरी अडचण पावसाळ्याची आहे. वीज अचानक जाऊन परत आली, की कधी कधी डिस्कच्या नावापुढे १ हा आकडा लागतो आणि सगळेच शॉर्टकट एकदम निकामी होतात. यावर कायमचा उपाय काय, आणि मी निवडलेला डेस्कटॉप फाइलीचा मार्ग मुळात योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण पावले नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी निवडीविषयी लिहितो.

फोल्डरचा शॉर्टकट दोन अगदी वेगळ्या गोष्टींनी करता येतो. सिमलिंक (फोल्डरकडे नेणारा दुवा) हे त्याच खोलीचे दुसरे दार आहे, तर डेस्कटॉप फाइल ही खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. सिमलिंक खुद्द फाइलप्रणालीत असते, त्यामुळे थुनार, लिब्रेऑफिस, टर्मिनल, स्कॅनरचा प्रोग्राम या सर्वांना ती फोल्डरसारखीच वाटते. लिब्रेऑफिसमध्ये ‘सेव्ह ॲज’ केल्यावर डेस्कटॉपवरील सिमलिंकमधून थेट आत जाता येते. डेस्कटॉप फाइलीचे तसे नाही. तिचा अर्थ फक्त फाइल व्यवस्थापकाला आणि डेस्कटॉपला कळतो. सेव्ह करण्याच्या खिडकीत ती एक लहानशी मजकूर फाइल असते आणि तिच्यातून आत जाता येत नाही. उलटपक्षी, स्वतःचे चित्र, फाइलीच्या नावाहून वेगळे दिसणारे नाव आणि भाषेनुसार बदलणारे नाव या सोयी डेस्कटॉप फाइलीतच मिळतात.

आपल्या कार्यालयात फोल्डर उघडून कागद पाहणे हे मुख्य काम असेल, तर डेस्कटॉप फाइल योग्यच आहे. मात्र फोल्डर दाखवण्यासाठी ॲप्लिकेशन हा प्रकार लागत नाही. फ्रीडेस्कटॉपच्या विनिर्देशात (लिनक्स डेस्कटॉपांच्या सामायिक नियमांत) टाइपला ॲप्लिकेशन, लिंक आणि डिरेक्टरी अशी तीन मूल्ये दिलेली आहेत. आपल्या कामाला लिंक हे मूल्य नेमके बसते. त्यात एक्झेकऐवजी यूआरएल ही ओळ असते आणि तिच्यात फाइल, कोलन, तीन तिरक्या रेघा अशा सुरुवातीने पूर्ण पत्ता देतात. तिथे मोकळी जागा तशीच ठेवायची नसते, तिच्याऐवजी टक्केचिन्ह आणि २० लिहितात. कळशब्द रोमन लिपीत आणि लहानमोठ्या अक्षरांसह बिनचूक असले पाहिजेत. इथे मी ते देवनागरीत लिहीत असलो, तरी फाइलीत तसे चालणार नाहीत.

इशाऱ्याबद्दल सांगायचे, तर तो योग्य कारणासाठी येतो. डेस्कटॉप फाइल कोणतीही आज्ञा चालवू शकते, म्हणून एक्सएफसीई केवळ ‘चालवण्याची परवानगी’ पाहून समाधान मानत नाही. आपण ‘सुरक्षित म्हणून नोंदवा’ म्हटले, की त्या क्षणीच्या मजकुराची एक तपासबेरीज नोंदवून ठेवते. मजकूर बदलला की बेरीज जुळत नाही आणि प्रश्न पुन्हा येतो. ही नोंद वापरकर्त्यागणिक वेगळी असते. त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या खात्यात नेली, की तिथेही एकदा विचारणा होणारच. सर्व बदल आधी संपवावेत आणि लिपिक ताईंच्या खात्यातून आपण स्वतः एकदा मान्यता द्यावी. त्यानंतर त्यांना तो इशारा दिसणार नाही.

प्रतिसाद २

न उघडणाऱ्या फोल्डरविषयी लिहिते. चारपैकी एकाच नावात ‘ऱ्या’ आहे, आणि माझा संशय तिथेच आहे.

हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिले जाते. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि मग य येतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य असतो. ‘किनाऱ्यावरील’ आणि ‘किनार्‍यावरील’ हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसतात, वाचतानाही काही खटकत नाही. पण लिनक्सची फाइलप्रणाली नावाकडे बाइट्सची रांग म्हणून पाहते, आणि त्या दोन रांगा भिन्न आहेत. तिच्या लेखी ही दोन वेगळी फोल्डरे झाली. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबल्यावर ऱ मिळतो, म्हणजे पहिली रीत. फोनवरील किंवा उच्चारानुसारी कळफलकांतून पुष्कळदा दुसरी रीत उमटते. फोल्डरला नाव एका ठिकाणी दिले गेले आणि आपण पत्ता दुसऱ्या कळफलकाने टंकला, असे झाले असावे.

खात्री करून घेण्यासाठी टर्मिनलमध्ये नावांची यादी देणाऱ्या एलएस आज्ञेचे उत्तर उभ्या रेघेने ओडी या आज्ञेकडे द्या आणि ओडीला हायफन, टी, एक्स, १ हा पर्याय जोडा. नावातील प्रत्येक बाइट सोळा-पायाच्या आकड्यांत दिसेल. तेच आपल्या डेस्कटॉप फाइलीवरही करा आणि ‘ना’ नंतरचा भाग ताडून पहा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, आपला संशय अगदी खरा ठरला. डिस्कवरील नावात ‘ना’ नंतर ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी असे नऊ बाइट आहेत, तर माझ्या फाइलीत ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी असे सहाच आहेत. नाव शोधूनही हे फोल्डर सापडत नाही, अशी सचिवांची जुनी तक्रार होती; तिचाही उलगडा आता झाला.

मग फोल्डरांना रोमन लिपीत नावे द्यावीत आणि मराठी फक्त नेमच्या ओळीत ठेवावे का? पुढे या कामावर बसणाऱ्या माणसाला हा त्रास होऊ नये, असे मला वाटते.

प्रतिसाद २

मी तसे करणार नाही. संस्थेचे कागद ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत फोल्डरांची नावे असावीत. उद्या शॉर्टकट पुसले गेले आणि कोणी थेट डिस्क उघडली, तर त्याला ‘डिझेल परतावा’ हे वाचता आले पाहिजे. लिनक्सला देवनागरी नावांची मुळीच अडचण नाही. एकच मर्यादा लक्षात असू द्या: ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीवर नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्त यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. सभासदाचे पूर्ण नाव, होडीचे नाव आणि कामाचा तपशील एकाच फाइलनामात भरण्याची सवय असेल, तर ही मर्यादा वाटते त्याहून लवकर गाठली जाते.

त्रास टाळण्याचा मार्ग म्हणजे पत्ता कधीही हाताने टंकू नये. फोल्डर ओढून टर्मिनलच्या खिडकीवर सोडले, की त्याचा पूर्ण पत्ता जसाच्या तसा उमटतो. तो तिथून उचलून डेस्कटॉप फाइलीत चिकटवावा. न दिसणारे जोडचिन्हही त्यात आपोआप येते. सिमलिंक करायची असली, तर एलएन, मोकळी जागा, हायफन आणि एस लिहावे, फोल्डर ओढून तिथे सोडावे आणि शेवटी दुव्याचे नाव द्यावे. याखेरीज त्या एका फोल्डरचे नाव एकदा बदलून ऱ च्या पहिल्या रीतीने लिहून टाकावे, म्हणजे कार्यालयातील कळफलकाने शोधताना ते सापडेल.

प्रतिसाद १

डिस्कचा प्रश्न राहिला आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत आधी सोडवायला हवा, कारण तिचा पत्ता बदलला की शॉर्टकटचे सगळे काम पुन्हा करावे लागेल.

डेबियनवर बाहेरची डिस्क आपोआप जोडली जाते, तेव्हा ती मीडिया या फोल्डरात, वापरकर्त्याच्या नावाखाली, डिस्कच्या लेबलाने दिसते. त्याच नावाचे फोल्डर तिथे आधीपासून असेल, तर प्रणाली नव्या फोल्डरच्या नावापुढे १ लावते. वीज गेल्यावर डिस्क रीतसर अलग होत नाही आणि जुने फोल्डर मागे राहू शकते. विशेषतः डिस्क जोडलेली नसताना एखाद्या प्रोग्रामने त्याच पत्त्यावर काही लिहिले, तर ते फोल्डर रिकामे नसते आणि आपोआप पुसलेही जात नाही. म्हणून डिस्क अलग करून त्या जुन्या फोल्डरात खरोखर काय आहे ते पाहावे. एखाद्या दिवसाचे स्कॅन तिथेच पडलेले असू शकतात. ते सुरक्षित जागी हलवल्याशिवाय काहीही पुसू नये.

कायमचा उपाय एफएसटॅब या फाइलीत आहे. तिथे डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक) देऊन ती नेहमी एकाच ठिकाणी जोडली जाईल, असे ठरवता येते. हाताने लिहिण्याऐवजी ‘डिस्क्स’ या प्रोग्राममधील ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ वापरल्यास चूक होण्याची शक्यता कमी राहते. पर्यायांत नोफेल अवश्य असू द्यावे. ते नसेल आणि एखाद्या सकाळी डिस्क जोडलेली नसेल, तर संगणक सुरू होताना दीड मिनिट तिची वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर थांबतो. बाहेर माणसांची रांग असताना लिपिक ताईंवर असा प्रसंग येऊ नये. वीज वारंवार जाते त्या ठिकाणी डिस्कची फाइलप्रणाली ईएक्सटी४ सारखी, नोंदवही ठेवणारी असावी आणि संगणकाला यूपीएस असावा. शॉर्टकटपेक्षा कागद मोलाचे आहेत.

प्रश्नकर्ता

सुचवलेल्या क्रमाने काम केले. जुन्या फोल्डरात खरोखरच काही ओळखपत्रांचे स्कॅन मिळाले. ते मूळ ठिकाणी हलवले. डिस्क आता एकाच पत्त्यावर जोडली जाते आणि लिंक प्रकारच्या चारही फाइली उघडतात. सचिवांना लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहून ते थेट त्या त्या फोल्डरात ठेवायचे असते. त्यासाठी सिमलिंकही कराव्यात का? तेच नाव पडद्यावर दोनदा दिसले तर त्यांचा गोंधळ होईल.

प्रतिसाद १

पडद्यावर दोन नकोत. ते फोल्डर ओढून थुनारच्या डाव्या पट्टीत सोडा. तेथील खुणा जीटीके-३.० च्या (प्रोग्रामांच्या खिडक्या-बटणे काढणाऱ्या संचाच्या) संरचना फोल्डरात बुकमार्क्स नावाच्या साध्या फाइलीत एकेका ओळीने लिहिल्या जातात, आणि जीटीके वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांच्या उघडण्या-साठवण्याच्या खिडकीतही त्या दिसतात. लिब्रेऑफिससाठी त्याचा जीटीके३ चा जोड बसवलेला आहे ना, एवढे पाहावे. ही फाइलही हाताने लिहिता येते, परंतु तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्केचिन्हांच्या नऊ अक्षरांत रूपांतरित झालेले असते, म्हणून ओढून सोडणेच बरे. खुणेचे दिसणारे नाव नंतर उजव्या कळीने बदलता येते.

एक गोष्ट लिपिक ताईंना आवर्जून दाखवून ठेवा. कागद पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कार्यालयात न्यायचे असतील, तेव्हा पडद्यावरील शॉर्टकट उचलून पेन ड्राइव्हवर टाकू नये. त्याने फक्त चार ओळींची फाइल जाते, कागद इथेच राहतात. सिमलिंक असती, तर फॅट३२ च्या पेन ड्राइव्हवर ती उतरलीच नसती, कारण त्या फाइलप्रणालीत सिमलिंकला जागा नाही. शॉर्टकट उघडावा, आतील कागद निवडून कॉपी करावेत आणि पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करून, काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे.