नवरा पायलट आहे: युनियनमध्ये जावं का, आणि 'थकलोय' असं लेखी देणं कितपत सेफ आहे?

ठाणेकरीण_८८
नमस्कार, इथे एव्हिएशनमधले बरेच लोक आहेत म्हणून विचारतेय. नवरा एका एअरलाईनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, मुंबई बेस, आणि नणंद दुसऱ्या एका कंपनीत केबिन क्रू, कंपन्यांची नावं घेत नाही, समजून घ्या. घरात कोण कधी झोपतंय आणि कधी उठतंय याचा काही ताळमेळच राहिलेला नाही.

तर झालं असं की मागे त्याला लागोपाठ रात्रीच्या ड्यूट्या लागल्या, पिकअप मध्यरात्रीनंतरचा, सकाळी घरी येऊन झोपायचं म्हटलं तर आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं काम चालू, खाली ड्रिल मशीन, म्हणजे झोपेचं पार खोबरं. पुढच्या ड्यूटीच्या आधी तो म्हणाला की मला आज उडवायला जमणार नाही, फटीग म्हणजे थकवा म्हणून कळवतो. तर बरोबरचा एक जण म्हणाला वेडा आहेस का, कमांडचं अपग्रेड, म्हणजे कॅप्टनची बढती तोंडावर आलीये, कशाला डोळ्यावर येतोस, सरळ सिक सांग. याने सिक सांगितलं. आता ऑफिसातून फोन आला की तुमच्या सिक लीव्ह फार होतायत, येऊन भेटा.

त्यातच एक सीनियर कॅप्टन मागे लागलेत की असोसिएशनचा, म्हणजे पायलटांच्या युनियनचा मेंबर हो. सासरे म्हणतात युनियनच्या भानगडीत पडू नकोस, संपकऱ्यांची काय अवस्था होते ते पाहिलंय आम्ही. नणंदेची वेगळीच तऱ्हा, तिचं वजन बघणार आहेत म्हणून ती दिवसभर काकडीवर राहते आणि सर्दी असताना फ्लाईट करून आली, कानात दडे बसले होते तिच्या.

मला खरंच कळत नाहीये की यात बरोबर काय. कृपया जाणकारांनी सांगा, घाबरवू नका पण खरं सांगा.

निवृत्त_कप्तान
ताई, मी आयुष्यभर हेच काम केलं आणि युनियनचाही मेंबर होतो, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी सिक आणि फटीग यातला फरक. सिक सांगितलं की कागदावर दोष तुमच्या मिस्टरांच्या शरीराचा लागतो, त्यांची लीव्ह कापली जाते, त्यांच्या नावापुढे आकडा वाढतो. फटीग लिहून दिलं की प्रश्न रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाला विचारला जातो, ही ड्यूटी कुणी आणि कशी लावली म्हणून. म्हणूनच तर सगळे हळूच सांगतात की सिक सांग. आणि प्रत्येक जण असं करत गेला की रेकॉर्डवर रोस्टर अगदी झकास दिसतं आणि पायलट तेवढे आजारी! ड्यूटी आणि विश्रांतीच्या २०२४ च्या नियमांत एअरलाईन्सना दर तिमाहीला फटीग रिपोर्टचा हिशोब आणि त्यावर काय केलं ते डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला द्यायला लावलंय, रिपोर्ट देणाऱ्यावर कारवाई करायची नाही आणि नाव गुप्त ठेवायचं हेही त्यात आहे. पण रिपोर्टच नाहीत तर हिशोब कशाचा देणार?

थकवा म्हणजे काय चीज आहे ते मंगलोरने दाखवलंय. २२ मे २०१०, दुबईहून येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान, पहाटे सहाच्या सुमाराला टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या रनवेच्या पुढे गेलं, १५८ माणसं गेली, वाचली फक्त ८. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये घोरण्याचा आवाज होता, आणि जाग आल्यावर डोकं पूर्ण ताळ्यावर यायच्या आत अप्रोच म्हणजे उतरणं सुरू झालं, तीन वेळा को-पायलटने गो अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर घ्या म्हणून सांगितलं तरी ते थांबले नाहीत. त्या माणसाला मी दोष देत बसणार नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, तिथे अनुभव बिनुभव काही चालत नाही.

आता युनियन. तुमच्या सासऱ्यांना जे आठवतंय ते खरं आहे. २०१२ मध्ये एअर इंडियातल्या पायलट्स गिल्ड या युनियनचा संप ५८ दिवस चालला, विषय ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या ट्रेनिंगचा. एअर इंडियात विलीन झालेल्या जुन्या इंडियन एअरलाईन्सच्या पायलटना ते ट्रेनिंग द्यायचं की नाही यावरून, म्हणजे एकाच कंपनीतले दोन गट एकमेकांच्या विरोधात. हायकोर्टाने संप बेकायदा ठरवला, लोकांना काढलं, युनियनची मान्यता गेली. तो काळ आठवला की अजून वाईट वाटतं, त्या भांडणात पायलटांच्या हाती काहीही लागलं नाही.

पण संप म्हणजेच युनियन हे डोक्यातून काढा. ड्यूटीचे हे जे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्र म्हणजे १२ ते ५ च्या ऐवजी १२ ते ६, रात्रीची लँडिंग ६ वरून २, ते जानेवारी २०२४ मध्ये निघाले, जूनपासून लागू व्हायचे होते, कंपन्यांनी नको म्हटलं आणि ते लांबणीवर पडले. मग पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि तिथून मग टप्प्याटप्प्याने, काही कलमं जुलै २०२५ पासून आणि उरलेली १ नोव्हेंबरपासून लागू झाली. हे एकट्या फर्स्ट ऑफिसरने अर्ज करून झालं असतं का? अपग्रेड ज्याचं अडकलंय तो कोर्टात जाऊ शकत नाही हो, संघटना जाऊ शकते.

पुणे_टू_दिल्ली
माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. डिसेंबर २०२५ मध्ये याच नियमांपायी इंडिगोच्या हजारो फ्लाईट्स रद्द झाल्या, मी आई-वडिलांना घेऊन पुण्याच्या एअरपोर्टवर रात्र काढली, वडिलांची औषधं चेक इन बॅगेत गेलेली, कुणी विचारायला नाही. लाखांत पगार घेणाऱ्यांना युनियन कशाला लागते, आणि त्यांच्या विश्रांतीचा भुर्दंड आम्ही का भरायचा? विश्रांती मिळाली पाहिजे हे मान्य आहे, पण मग पब्लिकचा विचार कुणी करायचा.

निवृत्त_कप्तान
तुमच्या आई-वडिलांचे हाल झाले ते फार वाईट झालं. पण हिशोब बघा, नियम जाहीर झाला जानेवारी २०२४ ला आणि रात्रीची कलमं लागू झाली नोव्हेंबर २०२५ ला, मध्ये जवळजवळ बावीस महिने होते. तेवढ्यात भरती करायची, ट्रेनिंग द्यायचं, हिवाळ्याचं शेड्यूल बेताने आखायचं. कॅप्टन काही एका दिवसात तयार होत नाही. शेवटी काय झालं, तर त्याच कंपनीच्या एअरबस ३२० विमानांना रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली, म्हणजे कंपनीला मोकळीक आणि पायलट परत जुन्याच रोस्टरवर.

पगाराचं म्हणाल तर पगाराने झोप भरून निघत नाही. नागपूरला ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याची फ्लाईट घेऊन निघालेला कॅप्टन बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि गेला. त्याला आधी नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, २७ तास, त्यामुळे ते थकव्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण त्या दिवशी प्रत्येक पायलटच्या घरात तोच विचार आला असणार.

गॅलीतली_मी
ठाणेकरीण ताई, तुमच्या नणंदेबद्दल बोलते कारण मी पण केबिन क्रू आहे आणि हा विषय आला की माझा जीव तुटतो.

फिटनेस हवाच, त्याबद्दल वादच नाही. आम्ही चहा-सँडविच द्यायला नसतो, विमान ९० सेकंदात रिकामं करता आलं पाहिजे आणि तेही अर्धी दारं बंद आहेत असं धरून, हे सर्टिफिकेशनचं गणित आहे, आणि ५० सीटला एक क्रू हा हिशोब. म्हणजे माझ्या वाट्याला पन्नास जीव येतात. दार उघडता आलं पाहिजे, स्लाईडकडे माणसं ढकलता आली पाहिजेत, धुरात ओरडता आलं पाहिजे. पण हे सगळं वजनकाट्यावर कसं कळणार ते मला कुणी सांगा. २०१४ च्या नियमात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दिलाय, बायकांना १८ ते २२ नॉर्मल आणि पुरुषांना १८ ते २५, त्यावर गेलं की ओव्हरवेट. मग चेकच्या आधी मुली उपाशी राहतात आणि उपाशी पोटी पहाटेची फ्लाईट करतात, चक्कर येते, कुणाला सांगत नाहीत, म्हणजे कागदावर फिट आणि प्रत्यक्षात उभं राहायची ताकद नाही.

आणि सर्दीत उडायचं नाही म्हणजे नाही, प्लीज तिला सांगा. उतरताना नाकामागून कानाकडे जाणारी नळी उघडत नाही, कानाच्या पडद्यावर ताण येतो, कान फुटू शकतो, आणि मग महिनाभर ग्राउंडेड. दुखणं अंगावर काढायची आपल्याकडे सवयच आहे, त्यात फ्लाईंग अलाउन्स ड्यूटीच्या तासांवर मिळतो, घरी बसलं की पगार निम्म्यावर येतो, मग कोण सांगणार सर्दी झालीये म्हणून. ट्रॉली ओढून आणि लोकांच्या बॅगा वरती चढवून आमच्या पाठी गेल्यात, पण पाठीचं कुणी मोजत नाही, वजनाचं मोजतात! कॅप्टन सरांनी जे म्हटलं ना की दोष शरीराचा लावतात, रोस्टरचा नाही, अगदी तेच आमचं.

आमच्या आधीच्या बायका भांडल्या म्हणून आज आम्हाला लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर उडता येतंय. पहिल्या गरोदरपणात नोकरी जायची असा नियम एअर इंडियात होता, तो सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये उडवला, त्या केसमध्ये आपल्या मुंबईच्याच एअर होस्टेस होत्या. तिला म्हणावं युनियन असेल तर जा, नसेल तर चार जणी मिळून लेखी मागा.

कामगार_वकील_नाशिक
कायद्याचं थोडं. पायलट 'वर्कमन' म्हणजे कायद्याच्या भाषेत कामगार आहे की नाही हा जुना वाद, कंपन्या म्हणतात तो सुपरवायझर आहे, पगार जास्त आहे, म्हणून कामगार कायद्यात बसत नाही. दिल्ली हायकोर्टाने वर्कमन मानलंय, मुद्दा असा की विमान चालवणं हे टेक्निकल काम आहे, क्रूला सूचना देतो म्हणून तो मॅनेजर होत नाही.

आता महत्त्वाचं, नवी लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीत. एक म्हणजे कंपनीशी बोलणी करायचा हक्क ५१ टक्के मेंबर असलेल्या युनियनला, तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्केवाल्यांची कौन्सिल. म्हणून ते सीनियर मागे लागले असतील, मेंबर मोजले जाणार आहेत. दुसरं म्हणजे संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकदम कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच धरतात. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकदम सिक कळवलं, पंचवीसेक जणांना काढलं, मग लेबर कमिशनरपुढे बसून परत घेतलं. तेव्हा निभावलं, यापुढे तसं होईलच असं धरून चालू नका.

पण एकट्या माणसाने खरोखर थकल्यामुळे ड्यूटी नाकारणं आणि संप यांचा काहीही संबंध नाही. लायसन्सधारक अनफिट असताना उडाला तर नियम तोच मोडतो.

अटलांटाचा_अण्णा
इथलं, अमेरिकेतलं सांगतो. आमच्याकडे २००९ मध्ये बफेलोजवळ अपघात झाला, ५० लोक गेले, पायलट थकलेले होते, मग गेलेल्यांचे घरचे आणि पायलटांची युनियन दोघे मिळून वॉशिंग्टनमध्ये मागे लागले आणि २०१४ पासून नवा नियम आला. त्यात प्रत्येक फ्लाईटआधी पायलटने मी फिट आहे असं लिहून द्यायचं, आणि थकलेला असेल तर उडायचंच नाही. युनियनचं स्वतःचं मेडिकल ऑफिस आहे, मेडिकलमध्ये काही निघालं तर पहिला फोन तिकडे, कंपनीला नंतर. सगळं गुडीगुडी नाहीये, इथेही फटीग कॉलवर पैसे कापण्यावरून वाद होतात, पण बाजूला बसायला कुणीतरी असतं.

ठाणेकरीण_८८
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय की ऑफिसात भेटायला जाताना काय न्यावं, आणि आता जुन्या सिकबद्दल काही करता येईल का?

निवृत्त_कप्तान
एकट्याने जाऊ नका म्हणावं. असोसिएशनचा मेंबर झाला तर त्यांच्या माणसाला सोबत येऊ द्या अशी ईमेलने विनंती करायची, नाही म्हणाले तर ते उत्तरही लेखी राहतं. जुन्या सिकचं नाव आता बदलायला जाऊ नका, पण त्या आठवड्याचं रोस्टर काढा, पिकअपच्या वेळा, प्रत्यक्ष ड्यूटी कधी संपली, आधीच्या ७२ तासांत किती झोपला, ते एका कागदावर मांडून न्या आणि शांतपणे पुढे ठेवा. यापुढे थकवा असेल तेव्हा फटीगच लिहायचं, कंपनीच्या सिस्टीममध्ये, स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवायचा, एक प्रत असोसिएशनच्या सेफ्टीवाल्यांना. अपग्रेड पुढे ढकललं तर तारखांवरून दिसेल की कशानंतर ढकललं.

आणि लॉस ऑफ लायसन्सचा इन्शुरन्स आहे का ते आजच बघा. मेडिकल गेलं तर दुसऱ्या दिवसापासून फ्लाईंगचा पगार बंद होतो आणि घराचा हप्ता चालूच राहतो. ग्रुप पॉलिसी स्वस्त पडते, असोसिएशनला विचारा.

गॅलीतली_मी
ताई, नणंदेला ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलंत का? कानात अजून दडा वाटत असेल तर डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय पुढची फ्लाईट घेऊ देऊ नका.