‘वरच्या कोर्टात सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांना

दिवाणीवाला
काल एकाने लिहिलं : ‘जालन्याच्या निवडणूक खटल्यात सीडीला 65-ब चा दाखला (इलेक्ट्रॉनिक नक्कल खरी असल्याचं पुरावा कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र) नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला. म्हणजे पुराव्याचे नियम फक्त गरिबांना.’ सकाळपासून हे डोक्यातून जात नाहीये. अहो, निकाल वाचा तरी! 2014 साली जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी विधानसभेवर निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत आलाच नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण बघितलं, दाखल्याऐवजी त्याच अधिकाऱ्याच्या जबाबावर भागवलं आणि 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. जुलै 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने उलट नियम घट्ट केला : तोंडी जबाबावर भागणार नाही, दाखला हवाच. निकाल टिकला, कारण चित्रीकरण बाजूला ठेवलं तरी उरलेला पुरावा पुरेसा होता. पुरावा कायद्याचं कलम 167, आता त्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 169, हेच सांगतं. नको तो पुरावा आत आला एवढ्यावर निकाल उलटत नाही. तो काढला तर निकाल बदलतो का, ते बघायचं.

जालनेकर
आणि 2020 पर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून 2019 ची निवडणूकही झाली होती, हे का लिहिलं नाहीत? कायदा पक्का झाला म्हणून तुम्हाला आनंद. आमच्या मतदारसंघाला काय मिळालं?

दिवाणीवाला
उशिराचं दुःख मलाही आहे. पण तो वेगळा मुद्दा.

मंगल, नगर जिल्हा
वेगळा नाही, साहेब. माझं सांगते. सासऱ्यांच्या शेताचा वाटपाचा दावा. दिरांनी वाटणीपत्राची झेरॉक्स दाखल केली. आमचे वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात, ज्युनिअर उभा. त्याने हरकत घेतलीच नाही. निशाणी पडली, म्हणजे कोर्टाने नंबर देऊन ती पुराव्यात घेतली. जिल्हा कोर्टात अपील केलं तर म्हणे आता उशीर झाला. मूळ कागद आजवर कुणी पाहिलेला नाही!

दिवाणीवाला
ताई, तुमचं नुकसान झालं हे खरं. नियम मात्र चुकीचा नाही. 2003 च्या व्यंकटाचल गौंडर निकालात दोन हरकती वेगळ्या केल्यात. कागद मुळातच पुराव्यात चालत नसेल तर अपिलातही बोलता येतं. सिद्ध करण्याची पद्धत चुकली असेल तर जिथल्या तिथे बोलायचं, म्हणजे समोरच्याला मूळ कागद आणायची संधी मिळते.

मंगल, नगर जिल्हा
मूळ असता तर झेरॉक्स कशाला दाखवली असती? आणि चूक वकिलाची, शिक्षा मला. वकिलांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार केली, त्यालाही तीन वर्षं होऊन गेली. वकिलांनीच निवडून दिलेली माणसं वकिलाला कशाला हात लावतील?

निवृत्त नाझर
वकिलांच्या कायद्याच्या कलम 36-ब प्रमाणे एका वर्षात निकाल नाही लागला तर तक्रार आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. बाकी हरकतींचं म्हणाल तर एका निशाणीवर दोन-दोन वर्षं अडलेले दावे मी पाहिलेत. 2001 च्या बिपिन पांचाळ निकालाने सांगितलं की हरकत लिहून घ्या, पुढे चला, शेवटी ठरवा. फक्त स्टॅम्पची हरकत तिथेच सोडवा. पण 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानेच फौजदारी खटल्यांपुरतं ते बंधनकारक नाही, हरकत तिथल्या तिथे ठरवा, असं म्हटलं.

मंगल, नगर जिल्हा
काका, दिल्लीला गेली तरी काय होणार? 2000 सालचा सक्सेना खटला वाचलाय मी. वकिलाने फीसाठी फायली अडकवल्या. बार कौन्सिलने अठरा महिने सनद (वकिलीचा परवाना) बंद केली. सुप्रीम कोर्टाने नुसती ताकीद देऊन सोडलं. माझीही फाइल फीसाठीच अडकलीय.

दिवाणीवाला
अर्धंच सांगताय. फीसाठी फाइल अडकवता येत नाही, हा नियम त्याच निकालाने स्पष्ट केला. तोवर काही हायकोर्टांचे निकाल वेगळे होते, तो माणूस प्रामाणिकपणे चुकला असेल म्हणून शिक्षा कमी. आज कुणी अडकवली तर ती सवलत नाही.

जालनेकर
म्हणजे पुन्हा तेच. नियम कडक, माणूस मोकळा!

दिवाणीवाला
वकिलांवरच्या शिस्तीच्या कारवाईच्या अपिलात सुप्रीम कोर्ट राज्याच्या आणि देशाच्या बार कौन्सिलच्या दोन्ही समित्यांनी मानलेल्या तथ्यांत सहसा हात घालत नाही, पण पुरावाच नसेल तर घालतं. 1983 मध्ये पुण्याच्या दोन वकिलांची निलंबनं तशीच उठवली. चुकीचा सल्ला आणि गैरवर्तन एक नाही, असं तिथे सांगितलं. उद्या हरलेल्या प्रत्येक दाव्यामागे वकिलाची सनद काढायची का? बोलणं सोपं आहे.

मंगल, नगर जिल्हा
बोलणं सोपं? बारा वर्षं तारखांना गेलेय मी. बाळंतपणानंतर महिन्याभरात एसटीने गेलेय.

निवृत्त नाझर
वकीलसाहेब, शब्द मागे घ्या. ताई, एक विचारतो. ते वाटणीपत्र नोंदलेलं आहे का?

मंगल, नगर जिल्हा
नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलंय.

दिवाणीवाला
शब्द मागे घेतो. आणि हे आधी मी विचारायला हवं होतं. स्टॅम्प कमी होता ही हरकत निशाणी पडल्यावर संपली. नोंदणीची संपत नाही. त्या कागदानेच वाटणी झाली असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 49 प्रमाणे तो वाटणीचा पुरावा म्हणून चालत नाही. ही मघाच्या दोनपैकी पहिल्या प्रकारची हरकत, अपिलातही घेता येते. मात्र आधी झालेल्या वाटणीची नुसती याद असेल तर नोंदणी लागत नाही, समोरचे तेच म्हणतील. ‘आज रोजी वाटून घेत आहोत’ लिहिलंय की ‘पूर्वी वाटून घेतलं’?

मंगल, नगर जिल्हा
‘आज रोजी.’ पाठ आहे मला. जिल्हा कोर्टाचा निकाल लागून दोन महिने झालेत.

दिवाणीवाला
दुसऱ्या अपिलाला हायकोर्टात नव्वद दिवस. निकाल, हुकूमनामा, त्या निशाणीची नक्कल आणि रोजनामा (कोर्टातल्या तारखांची नोंद), या सगळ्यासाठी उद्याच नकलेचा अर्ज टाका. नकलेला लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात. फाइलसाठी थांबू नका.

मंगल, नगर जिल्हा
टाकते उद्या. नोंदणीचं तुमचं मान्य. झेरॉक्सचं अजून पटलेलं नाही.