फरशी पुसली, पण कशाने?

फरशी नीट पुसली जात नाही, ग्रामीण रुग्णालयात संसर्ग पसरतो तो कर्मचाऱ्यांच्या आळसामुळे, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. आळस असेलही थोडाफार. पण पुसायचं पाणी कामाचं आहे का, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. यवतमाळच्या बाजूला मी ज्या रुग्णालयाचं स्टोअर पाहायचो, तिथे हायपोचे, म्हणजे फरशी पुसायच्या पाण्यात घालायच्या क्लोरीनवाल्या जंतुनाशकाचे (सोडियम हायपोक्लोराइट), वर्षभराचे कॅन एकदम यायचे आणि टिनाच्या शेडमध्ये पडून राहायचे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत त्याहून जास्त. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उन्हाने विघटित होतं. डब्यावर ५ टक्के छापलेलं असलं तरी आत किती उरलं ते देव जाणे. नियमाप्रमाणे एक भाग हायपो, चार भाग पाणी घेऊन १ टक्क्याचं द्रावण केलं तरी ते १ टक्क्याचं नसतंच. एक मावशी तर स्पष्ट म्हणाल्या होत्या, "साहेब, याले वासच नाही येऊन राहिला." अर्थात वास हा काही भरवशाचा पुरावा नाही. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मिळतात, महाग नाहीत, पण मागणीपत्रात त्या कोणी लिहीत नाही.

डब्यावर 'थंड, अंधाऱ्या जागी ठेवा' असतं. आमच्याकडे थंड जागा एकच, लसींचा फ्रीज, आणि तिथे हायपो ठेवता येत नाही! म्हणून उन्हाळ्यात माल थोडा थोडा मागवावा, जुना आधी संपवावा, द्रावण रोज ताजं करावं. रक्त सांडलं असेल तर ते आधी टिपून घ्यायचं, नाहीतर उरलासुरला क्लोरीनही त्यातच संपतो.